घरखर्चाची नोंद मशीनकडे द्या, खर्चाला नाव मात्र तुम्हीच द्या



बजेटच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "सर, खर्च आपोआप लिहून घेणारं एखादं चांगलं ॲप सांगा ना." काही जण एक पायरी पुढे गेलेत. पायथन शिकू का, झेपियर घेऊ का, एआयला बँकेचे मेसेज वाचायला देऊ का, असंही विचारलंय. प्रश्न चांगला आहे, पण उत्तर एका ॲपच्या नावात मावणारं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याला धंदा सुरू करायचाय, मग नोकरी सांभाळून असो की सोडून, त्याने घरखर्चाची नोंद आपोआप होईल अशी व्यवस्था जरूर करावी. एक रविवार दिला तर होते, वेगळे पैसे लागत नाहीत. पण मशीनकडे तारीख, रक्कम आणि कुणाला गेले एवढंच द्यावं. तो खर्च कशाचा होता, हे लिहायचं काम स्वतःकडे ठेवावं. शंभर टक्के ऑटोमॅटिक बजेट दिसायला झकास दिसतं, आणि महिनाभरात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आधी घराचा आकडा

धंद्याचा प्लॅन घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न धंद्याचा विचारत नाही. मशीन कितीला पडतं, पॅकिंग नगाला किती, मजुरी किती, हे त्यांना तोंडपाठ असतं. मी विचारतो, घराला महिन्याला किती लागतात? इथे गाडी अडते. "असतील पंचवीस-तीस हजार." नवरा-बायको दोघं आले असतील तर दोघांचे आकडे वेगळे येतात, आणि मग मला पाच मिनिटं गप्प बसावं लागतं.

हा "असतील"च पुढे महागात पडतो. पहिले काही महिने धंद्यात नफा दिसतो, कारण घराने गल्ल्यातून काय उचललं ते कुठे लिहिलेलंच नसतं. मग माल भरायला पैसे कमी पडू लागतात, उधारी वाढते, आणि माणूस म्हणतो, "या धंद्यात दम नाही." धंद्यात दम असतो हो बऱ्याचदा. घर त्यातून महिन्याला किती खातंय, हे कुणी मोजलेलं नसतं.

एक साधा हिशोब करू. समजा तुम्ही तीन महिने सगळा खर्च नीट नोंदवला आणि महिन्याची सरासरी ₹३१,००० निघाली. नोकरी सोडण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवायचा असं ठरवलं, तर ₹१,८६,००० हवेत. बरोबर? चूक. त्या तीन महिन्यांत शाळेची फी आलीच नाही. विम्याचा वार्षिक हप्ता आला नाही. गणपती नाही, दिवाळी नाही. फीचे ₹३६,०००, विम्याचे ₹१८,०००, सणावाराचे ₹२४,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंगचे ₹६,००० धरा. झाले वर्षाला ₹८४,०००, म्हणजे महिन्याला ₹७,०००. घराचा खरा आकडा ₹३८,०००, आणि सहा महिन्यांचे ₹२,२८,०००. फरक ₹४२,००० चा. एका अख्ख्या महिन्याच्या घरखर्चापेक्षा जास्त रक्कम तुमच्या प्लॅनमध्ये नव्हतीच.

हा आकडा अंदाजाने निघत नाही. किमान तीन महिन्यांच्या खऱ्या नोंदी लागतात आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च आठवून त्यात घालावे लागतात. नोंदी मशीन करेल. आठवायचं काम तुमचं.

हाताने जमत नाही, आणि पूर्ण आपोआपही उपयोगाचं नाही

एक जानेवारीला सुरू केलेली खर्चाची वही तिसऱ्या आठवड्यात का बंद पडते? आळस हे सोपं उत्तर झालं. पूर्वी दूधवाल्याचं बिल महिन्यातून एकदा, वाण्याचं खातं महिन्यातून एकदा. लिहायच्या ओळीच मोजक्या होत्या. आता चहा, रिक्षा, दूध, रिचार्ज, कोथिंबीर, सगळं यूपीआयवर. दिवसाला दहा-बारा व्यवहार सहज होतात. रात्री बसून ते टाइप करायचे म्हणजे दुसरी नोकरीच. टायपिंगचं काम मशीनकडे जायलाच हवं, याबद्दल वाद नाही.

आता दुसरं टोक. सगळं आपोआप. महिनाअखेर मोबाइलवर एक रंगीत चकती येते. "पेमेंट ४२ टक्के, शॉपिंग १९ टक्के, इतर ३१ टक्के." करायचं काय त्याचं? "इतर" कमी करा म्हणून घरी सांगणार का?

समजा एक ताई घरून पोळी-भाजीचे डबे देतात. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी ₹३,२४० भरले. बँकेच्या मेलमध्ये दुकानाचं नाव आणि रक्कम, बस्स. त्या बिलात घरचा रवा आणि डब्यांचा तांदूळ एकत्र आलाय हे बँकेलाच माहीत नाही, तर बँकेचा मेल वाचणाऱ्या एआयला कुठून कळणार? तो नाव बघून "किराणा" असा शिक्का मारेल आणि शिक्का बरोबरच असेल. पण ताईंना जे हवंय, म्हणजे डबा सुटतो कितीला आणि घर चालतं कितीत, त्याचं उत्तर त्या शिक्क्यात नाही.

शिवाय स्वतः नाव लिहिताना बोट थांबतं. ₹६५० समोर "हॉटेल" लिहिताना, आणि त्याच महिन्यात चौथ्यांदा लिहिताना, जे वाटतं ते चकती बघून वाटत नाही. हे वाटणं मी ऑटोमेट करायला तयार नाही.

एका रविवारचं काम

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं होतं की ग्राहकांची एसएमएस अलर्टसाठी सक्तीने नोंदणी करून घ्या, आणि सोय असेल तिथे ईमेल अलर्टसाठीही. आपल्या कामाचा आहे तो ईमेल. का सांगतो. काही बँका छोट्या रकमेच्या यूपीआयला एसएमएस पाठवतच नाहीत, आणि गळती नेमकी तिथेच असते. दुसरं, एसएमएसमध्येच ओटीपी येतो. एखाद्या अनोळखी ॲपला एसएमएस वाचायची परवानगी दिलीत की खर्चाबरोबर ओटीपीही त्याच्या हातात गेला. मला हा सौदा पटत नाही.

तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ईमेल अलर्ट चालू करा. जीमेलमध्ये एक फिल्टर बनवा, बँकेच्या अलर्टच्या पत्त्यावरून आलेल्या प्रत्येक मेलला "बँक" असं लेबल लागेल असा. मग एक गुगल शीट उघडा. रकाने फक्त सहा: तारीख, रक्कम, आले की गेले, कुणाला, व्यवहार क्रमांक, आणि शेवटचा "कशासाठी". हा शेवटचा रकाना मुद्दाम रिकामा राहणार आहे.

शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूत ॲप्स स्क्रिप्ट नावाची सोय आहे. फुकट आहे, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. भाषा जावास्क्रिप्टची. इथे पन्नास-साठ ओळींचा कोड बसतो. "बँक" लेबलचे मेल उघड, त्यातून रक्कम, तारीख, नाव आणि व्यवहार क्रमांक वेगळे काढ, शीटमध्ये नवीन ओळ लिही. त्याला ट्रिगर लावा, रोज पहाटे चालेल असा. मोबाइल बंद असला, लॅपटॉप बंद असला तरी चालतं, कारण कोड गुगलच्या कॉम्प्युटरवर चालतो. कोड येत नसेल तर एआय चॅटबॉटकडून लिहून घ्या, खुशाल घ्या. फक्त नमुन्याचा मेल चिकटवण्याआधी स्वतःचं नाव, खाते क्रमांक आणि शिल्लक खोडून तिथे काहीतरी खोटं लिहा.

एआयने लिहिलेला कोड पहिल्या दिवशी चालतो आणि दहाव्या दिवशी दगा देतो. कुठे देतो ते सांगतो, म्हणजे आधीच बंदोबस्त होईल.

जीमेल एकाच विषयाचे मेल एका संभाषणात गुंडाळतं. बँकेच्या अलर्टचा विषय बऱ्याचदा तोच असतो. ॲप्स स्क्रिप्टमध्ये लेबल लागतं ते अख्ख्या संभाषणाला, एकेका मेलला नाही. त्यामुळे "नोंद झाली की लेबल काढ" असा कोड असेल, तर त्याच गठ्ठ्यात आलेले मेल कधी सुटतात, कधी दोनदा मोजले जातात. उपाय सोपा आहे. प्रत्येक मेलला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो शीटच्या एका बाजूच्या पानावर लिहून ठेवायचा आणि नोंद करण्याआधी तपासायचा. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांकही तसाच वापरता येतो.

बँक मेलचा मजकूर बदलते, कळवत नाही. अशा वेळी कोडला रक्कम सापडत नाही आणि तो गुपचूप पुढे जातो. त्याला सांगा, जे कळलं नाही ते "न कळलेले" नावाच्या पानावर टाक. ते पान रिकामं असेल तर निर्धास्त.

आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे दुप्पट मोजणी. क्रेडिट कार्डावर ₹५,००० ची खरेदी केली, अलर्ट आला. पुढच्या महिन्यात कार्डाचं बिल भरलं, परत अलर्ट आला. शीटमध्ये ₹१०,००० गेले. एका खात्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात टाकलेले पैसेही खर्चात दिसतात. एटीएममधून काढलेले पैसे तर अजून खर्चच झालेले नाहीत, नुसते खिशात आलेत. या तिन्हींसाठी "कशासाठी"मध्ये एकच शब्द ठेवा, "फिरवले", आणि बेरजेतून तो वगळा.

रोखीचं काय, हा प्रश्न येणारच. एक छोटा गुगल फॉर्म बनवा, दोनच खाने, रक्कम आणि कशासाठी. त्याचा शॉर्टकट मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनवर ठेवा. पण दहा-वीस रुपयांच्या मागे लागू नका. यूपीआयचे दहा रुपये फुकटात नोंदले जातात म्हणून घ्यायचे, रोखीचे दहा रुपये लिहायला मेहनत पडते म्हणून सोडायचे. आठवड्याला पाकीट मोजा, जो फरक येईल तो "सुटे" म्हणून एका ओळीत लिहा.

एक इशारा देतो, तो हलक्यात घेऊ नका. स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवताना गुगल तुमच्याकडे मेल वाचायची परवानगी मागतं आणि वर सांगतं की हे ॲप तपासलेलं नाही. कोड तुमचा स्वतःचा असेल तर ठीक. पण कुणीतरी ग्रुपवर टाकलेली "रेडीमेड बजेट शीट" कॉपी करून तीच परवानगी दिलीत, तर तुमचा अख्खा मेलबॉक्स तुम्ही न वाचलेल्या कोडच्या हवाली केलात. निदान एवढं बघा की तो कोड बाहेरच्या कुठल्या पत्त्यावर काही पाठवत नाही ना. आणि नेटबँकिंगचा पासवर्ड मागणारं कुठलंही साधन असो, कितीही फुकट असो, नको.

झेपियर, एन-एट-एन वगैरे

झेपियर, मेक, एन-एट-एन ही वर्कफ्लोची साधनं चांगलीच आहेत. ऑर्डरचा फॉर्म भरला की शीटमध्ये नोंद, ग्राहकाला मेल, तुम्हाला टेलिग्रामवर निरोप, असल्या धंद्याच्या कामाला ती जरूर वापरा. घरखर्चासाठी मला ती जास्तीची वाटतात. मधे आणखी एक कंपनी तुमचे बँकेचे मेल वाचणार, फुकट मर्यादा संपली की पैसे मागणार. एन-एट-एन स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवता येतं, पण मग तो चालू ठेवणं, अपडेट करणं हे कामही आलंच. पायथन आवडीने शिकायचं असेल तर शिका. या कामासाठी अडलेलं नाही.

कोड नकोच असेल तर अकाउंट ॲग्रिगेटर हा शब्द लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०१६मध्ये याचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१पासून मोठ्या बँकांसह ही व्यवस्था चालू झाली. यात तुम्ही संमती देता, काय द्यायचं आणि किती काळ ते ठरवता, संमती मागेही घेता येते, पासवर्ड कुणाला द्यावा लागत नाही. माहिती फक्त आर्थिक नियामकांच्या देखरेखीखालच्या संस्थांनाच मागता येते, त्यामुळे आपल्या शीटला थेट जोडता येत नाही. पण ॲप निवडायचंच असेल, तर एसएमएस वाचणाऱ्यापेक्षा या वाटेने येणारं निवडा.

दोन खाती नसतील तर यातलं काहीच चालणार नाही

हे शेवटी लिहितोय, पण करायचं सगळ्यात आधी. घराचं खातं वेगळं, धंद्याचं वेगळं. धंदा अजून महिन्याला पाचच हजारांचा असला तरी.

जुलै २०२५मध्ये बंगळुरूत काय झालं ते बातम्यांत पाहिलं असेल. कर्नाटकच्या व्यावसायिक कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले. कित्येकांनी क्यूआर कोड काढून "फक्त रोख" असे कागद लावले. त्यांची एक मोठी तक्रार अशी होती की खात्यात आलेले सगळे पैसे विक्रीचे नव्हतेच. त्यात नातेवाइकांनी पाठवलेले होते, उसने होते, कर्जाचे होते. पुढे सरकारने जुन्या वसुलीबाबत नमतं घेतलं. पण विचार करा, चार वर्षांच्या स्टेटमेंटमधून बहिणीने पाठवलेले दहा हजार आणि केकचे दहा हजार वेगळे करायला बसायचं म्हणजे काय काम असेल!

महाराष्ट्रातही माल विकणाऱ्याला वर्षाला ₹४० लाख आणि सेवा देणाऱ्याला ₹२० लाख ही जीएसटी नोंदणीची मर्यादा आहे. ₹२० लाख म्हणजे महिन्याला साधारण ₹१ लाख ६६ हजार. चांगला चाललेला डब्यांचा धंदा त्याच्या जवळपास जाऊ शकतो, आणि त्याच खात्यात भिशीचे, उसन्याचे, नवऱ्याच्या पगाराचे पैसे येत असतील तर कागदावर तो ओलांडलेलाही दिसेल.

म्हणून वाण्याला सांगा, दोन बिलं कर. घरचं बिल घरच्या खात्यातून, धंद्याचं धंद्याच्या. सुरुवातीला तो वैतागेल, मग सवय होईल. आणि धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम आपोआप जाईल अशी सूचना बँकेत लावून ठेवा. तो तुमचा पगार. वरच्या हिशोबातले ₹३८,००० धंद्याला सुरुवातीला झेपणार नाहीत, तर बारा हजार लावा, आठ हजार लावा. बाकीचे बचतीतून किंवा जोडीदाराच्या पगारातून आले तरी चालेल, पण कुठून आले ते शीटमध्ये दिसू द्या. सगळ्या ऑटोमेशनमध्ये मला ही एक ओळ सर्वांत जास्त आवडते, आणि तिला कोडही लागत नाही.

रविवारची पंधरा मिनिटं

शीटमध्ये आठवडाभरात साठ-सत्तर ओळी आपोआप आलेल्या असतील. घरातली दोघं माणसं बसा, एकट्याने नको. "कशासाठी" भरा. नावं सहा-सातच ठेवा: घर चालवणं, शाळा, औषधपाणी, हप्ते, सणवार-पाहुणे, मौज, आणि मघाचं "फिरवले". पंचवीस प्रकार केलेत की प्रत्येक ओळीला वाद होईल, भेंडी कुठल्या प्रकारात आणि फ्रिजमधलं आइस्क्रीम कुठल्या. नेहमीच्या दूधवाल्यासारखी नावं कोडने आधीच भरून ठेवली तर हरकत नाही. जिथे शंका येऊ शकते ती ओळ मात्र रिकामीच येऊ द्या.

महिन्याच्या शेवटी एक मेळ घाला. जुने दुकानदार रोजमेळ घालायचे, आपण महिन्याचा घालू. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक खात्यात आलेले, वजा खात्यातून गेलेले. उत्तर बँकेच्या स्टेटमेंटवरच्या शेवटच्या शिल्लकेशी जुळलं पाहिजे. इथे "फिरवले"सुद्धा धरायचे, कारण खात्यातून ते गेलेलेच असतात. ₹७४० चा फरक आला तर एखादा मेल सुटलाय, तो शोधा. तुमची बँक मेल पाठवतच नसेल, तर महिन्याचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून त्याच शीटमध्ये चिकटवा. रोजच्या ऐवजी महिन्याला होईल एवढंच.

पुढच्या व्हिडिओत कोड ओळीओळीने लिहून दाखवतो, तो मेल सुटायचा घोळ कसा टाळायचा त्यासकट. तोपर्यंत दोन कामं करून ठेवा: बँकेचे ईमेल अलर्ट चालू करा आणि ते "बँक" लेबलचं फिल्टर लावा. निदान आठवड्याभराचे मेल साठलेले असतील तर कोड स्वतःच्या खऱ्या खर्चावर चालवून बघता येईल. आणि कॉमेंटमध्ये घराचा आकडा लिहू नका, तो आपल्यापाशीच ठेवा. अंदाज आणि खरा आकडा यात फरक किती निघाला, तेवढं मात्र तीन महिन्यांनी नक्की कळवा.